सोडचिठ्ठी, पोटगी आणि पोराचा ताबा: सीमाभागातल्या माणसाला फॅमिली कोर्ट समजावं म्हणून

शंभर रुपयाच्या बॉण्डवर दोघांच्या सह्या झाल्या, खाली चार पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, अंगावरचं सोनं तिथंच मोजून परत, आणि दोन्ही घरं म्हणाली झालं, सोडचिठ्ठी झाली. आमच्या भागात, म्हणजे खानापूर म्हणा, निपाणी म्हणा, बेळगावच्या आजूबाजूची गावं म्हणा, असे कागद कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाला पडून आहेत. मी वकील नाही. माझ्या धाकट्या बहिणीची केस चार वर्षं चालली, तिचं माहेर बेळगाव आणि सासर गडहिंग्लजकडं, म्हणजे मधे कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द, आणि त्या चार वर्षांत जवळजवळ प्रत्येक तारखेला मी तिच्याबरोबर गेलो, बाकावर बसलो, शिरस्तेदारापासून वकिलापर्यंत सगळ्यांना विचारत शिकलो. आता ओळखीतलं कुणी ना कुणी विचारायला येतं आणि प्रत्येकाला पहिल्यापासून तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

पहिलं त्या बॉण्डबद्दल. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे आणि तो हिंदूंबरोबर लिंगायत, जैन, बौद्ध, शीख यांनाही लागू होतो, म्हणजे आपल्याकडची बहुतेक घरं त्यात आली. या कायद्यात लग्न मोडायचा अधिकार कोर्टाला आहे, पंचांना नाही, आणि नोटरीला तर अजिबात नाही, नोटरी फक्त एवढंच सांगतो की ही सही याच माणसानं माझ्यासमोर केली. कायद्यात एक बारीक वाट ठेवलेली आहे, एखाद्या समाजात काडीमोडाची पूर्वापार रूढी असेल तर ती मानतात, पण ती रूढी खरंच जुनी आहे आणि अजून पाळली जाते हे साक्षीपुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि ते फार कमी लोकांना जमतं. म्हणजे बॉण्ड झाला तरी पहिलं लग्न कायद्यानं जिवंतच. त्यावर विसंबून कुणी दुसरं लग्न केलं तर ते दुसरं लग्न मुळातच रद्दबातल, शिवाय गुन्हा, पूर्वी कलम ४९४ म्हणायचे, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. सगळ्यात जास्त हाल त्या दुसरीचे होतात, तिला बिचारीला सांगितलेलं असतं की पहिलीची सोडचिठ्ठी झालीय, कागद दाखवलेला असतो.

आणि अजून एक, जे आम्हालाही माहीत नव्हतं. अशा बॉण्डवर हमखास एक ओळ असते, 'आम्ही राजीखुशीने विभक्त राहत आहोत'. पोटगीच्या कायद्यात असं आहे की लग्न चालू असताना नवराबायको आपसात ठरवून वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मागता येत नाही. म्हणजे कोर्टाची सोडचिठ्ठीही नाही आणि पोटगीच्या वेळी समोरचा वकील तोच कागद काढून दाखवणार. घरातल्या मोठ्यांनी कितीही आग्रह केला तरी बहिणीला, लेकीला अशा कागदावर सही करू देऊ नका.

तीन भांडणं, तीन फायली

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. सोडचिठ्ठी वेगळी, पोटगी वेगळी, पोराचा ताबा वेगळा. घरात, बैठकीत, पंचांसमोर या तिन्हीचं एकच गाठोडं बांधतात, 'पोरगं देतो पण पोटगी मागायची नाही', 'पोटगी देत नाही मग पोराचं तोंड बघायचं नाही', 'आधी सही कर मग बघू'. कोर्ट असं बघत नाही. सोडचिठ्ठी नको असली तरी पोटगी मागता येते. सोडचिठ्ठीची केस हरली तरी पोराची पोटगी चालू राहते. पोरगं बापाकडं असलं तरी आईला भेटायचा हक्क राहतो, आणि उलटंही. आपल्याकडं कोर्टात नंबरसुद्धा वेगवेगळे पडतात, सोडचिठ्ठीचा अर्ज एम.सी. (मॅट्रिमोनियल केस) म्हणून, पोटगीचा क्रिमिनल मिसलेनियस म्हणून, ताब्याचा जी अँड डब्ल्यू (गार्डियन्स अँड वॉर्ड्स, म्हणजे पालकत्वाचा कायदा) म्हणून. बोर्डावर आपलं नाव शोधताना आम्ही पहिल्यांदा गोंधळलो ते यामुळंच, एकाच बाईच्या दोन केसा दोन ठिकाणी दिसत होत्या.

फॅमिली कोर्ट म्हणजे काय तर १९८४ च्या कायद्यानं केलेलं वेगळं कोर्ट, जिथं फक्त घरातल्या केसा चालतात. बेळगावात आहे. जिथं ते नाही तिथं हेच अर्ज तालुक्याच्या ठिकाणी सीनियर सिव्हिल जज कोर्टात जातात, आणि पोटगीचे मॅजिस्ट्रेटकडं. कायद्याप्रमाणं फॅमिली कोर्टात वकील हा हक्क नाही, परवानगीनं येतो, प्रत्यक्षात ती परवानगी मिळते आणि बहुतेकांचा वकील असतोच. पुराव्याचे नियम इतर कोर्टापेक्षा सैल आहेत. आणि दोघांपैकी एकानं जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते, बायकांनी हे जरूर मागावं, भरल्या कोर्टात नको त्या गोष्टी बोलायला लागत नाहीत.

कुठल्या कोर्टात, हा आपल्याकडचा मोठा प्रश्न

पुण्यातल्या माणसाला हा प्रश्न फारसा पडत नाही. आपल्याकडं पोरगी बेळगावची, दिली चंदगडला, नाहीतर कागलला, कोल्हापूरला, नाहीतर गोव्याला. रोजच्या जगण्यात ही हद्द आपण मानत नाही, बाजार इकडचा, दवाखाना तिकडचा, पाहुणे दोन्हीकडं. पण कोर्टात गेलं की ती हद्द एकदम भिंतीसारखी उभी राहते.

हिंदू विवाह कायद्यात केस चार-पाच ठिकाणी टाकता येते, लग्न जिथं लागलं तिथं, समोरचा माणूस जिथं राहतो तिथं, दोघं शेवटचे एकत्र जिथं राहिले तिथं, आणि बायको अर्ज करणार असेल तर ती आता जिथं राहते तिथं. हा शेवटचा मुद्दा २००३ च्या दुरुस्तीनं आला आणि माहेरी आलेल्या बाईसाठी तो फार मोलाचा आहे, नवऱ्याला ही सवलत नाही. पोटगीचा अर्जही ती राहते तिथंच करता येतो. मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल साधारणपणे जिथं राहतं तिथल्या कोर्टात, म्हणजे शाळा कुठं, डॉक्टर कुठं हे बघतात, पंधरा दिवसापूर्वी उचलून नेलं आणि तिथं राहतं म्हणून सांगितलं असं चालत नाही.

आमच्याकडं झालं असं की आम्ही वाट बघत बसलो. वडील म्हणायचे दिवाळीला येतील न्यायला, मग म्हणाले यात्रेला येतील. तोवर दाजींनी त्यांच्याकडच्या कोर्टात कलम ९ खाली अर्ज टाकला, म्हणजे बायकोला नांदायला पाठवा. समन्स आलं आणि आम्ही ते कपाटात ठेवून दिलं, म्हटलं आपण कर्नाटकात, ते कोर्ट महाराष्ट्रातलं, आपल्याला काय करणार. ही फार मोठी चूक. दोन तारखा गेल्यावर कळलं की कोर्ट एकतर्फी निकालाकडं निघालंय. दुसऱ्या राज्यातलं असलं तरी कोर्ट ते कोर्ट, निकाल देशभर लागू होतो. समन्स आलं की हजर व्हा, निदान वकीलपत्र तरी दाखल करा, एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी पुढचा निम्मा त्रास वाचतो.

मग केस इकडं आणायची कशी? एकाच राज्यातली असती तर हायकोर्टानं बदलून दिली असती, हुक्केरीतून बेळगावला आणायची तर धारवाड बेंचला अर्ज करायचा. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात केस हलवायचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली फक्त सुप्रीम कोर्टाला आहे. विचार करा, बेळगाव ते गडहिंग्लज दीड-दोन तासांचा रस्ता, आणि ती केस हलवायला अर्ज दिल्लीला. बाईची अडचण, लहान मूल, एकटीनं प्रवास, कमाई नाही, या गोष्टी सुप्रीम कोर्ट बघतं आणि बऱ्याच वेळा बायकोच्या सोयीच्या बाजूनं ऑर्डर देतं, पण दर वेळी देईलच असं नाही. पैसे नसतील तर सुप्रीम कोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती आहे, तिथून फुकट वकील मिळतो, स्वतः दिल्लीला जायची गरज पडत नाही, कागद सह्या करून पाठवले की होतं. आमचं तसंच झालं, वेळ लागला, पण केस बेळगावला आली.

दोघांनी दोन ठिकाणी सोडचिठ्ठीचे अर्ज टाकले तर कायदा म्हणतो की नंतरचा अर्ज आधीच्या कोर्टाकडं जावा. म्हणून म्हणतो, नांदायचं की नाही हा निर्णय घ्यायला हवा तेवढा वेळ घ्या, पण वकिलाला विचारायला वेळ लावू नका.

गोव्याचं प्रकरण असेल तर अजून वेगळं. तिथं पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, लग्नाची नोंद, मालमत्तेचा हिस्सा सगळं वेगळं, त्यामुळं गोव्याचा कायदा जाणणारा वकीलच गाठा.

भाषेचंही सांगायला पाहिजे, कारण त्याचा त्रास प्रत्येक तारखेला होतो. इकडच्या कोर्टाचं कामकाज कन्नड आणि इंग्रजीत चालतं. आपली लग्नपत्रिका मराठी, व्हॉट्सॲप मेसेज मराठी, शाळेचा दाखला मराठी, या सगळ्याची भाषांतरं जोडावी लागतात. माझ्या बहिणीची पहिली ते दहावी मराठी शाळा, तिला कन्नड बोललेलं समजतं पण वाचता येत नाही, आणि तिच्या जबाबाखाली सही करायची वेळ आली तेव्हा ती थांबली आणि म्हणाली मला वाचून दाखवा. त्या दिवशी सगळे घाईत होते पण जजसाहेबांनी थांबून समजावून द्यायला लावलं. लाजायचं नाही. जबाब आपण मराठीत सांगू शकतो, लिहून घेतलेलं आपल्या भाषेत समजावून घेणं हा आपला हक्क आहे, आणि 'मी असं म्हटलंच नव्हतं' हे उलटतपासणीत सांगण्यापेक्षा सहीच्या आधी सांगितलेलं केव्हाही बरं.

पहिल्या तारखेला काय होतं

लोकांना वाटतं पहिल्याच दिवशी भांडण सुरू होईल. तसं नसतं. कायद्यानंच कोर्टावर जबाबदारी टाकलीय की आधी समेटाचा प्रयत्न करा. समुपदेशकाकडं पाठवतात, नाहीतर कोर्टाच्या आवारात मध्यस्थी केंद्र असतं तिथं, तिथं दोघांना एकत्र आणि वेगवेगळं बसवून बोलतात. तिथं बोललेलं पुरावा म्हणून वापरत नाहीत, म्हणून तिथं मनातलं बोलायला हरकत नाही. आणि समेट म्हणजे परत नांदायला जाणं एवढाच अर्थ नाही, नीट वेगळं होणं हाही समेटच. आमच्याकडं तिसऱ्या बैठकीत पहिल्यांदा असं झालं की दोघं घरच्यांना वगळून एकमेकांशी बोलले. खरं सांगायचं तर आम्ही नातेवाईक बाहेर होतो म्हणून ते झालं.

समेट झाला नाही तर केस पुराव्यावर जाते. सोडचिठ्ठीसाठी कारण लागतं, क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षं पत्ता नसणं अशी कायद्यात लिहिलेली. 'पटत नाही', 'लग्न संपलंय' हे कारण खालच्या कोर्टात चालत नाही, लग्न पूर्ण मोडलंय म्हणून सोडचिठ्ठी देण्याचा अधिकार २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्वतःपुरता ठेवलाय. लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय अर्जच घेत नाहीत, फारच टोकाचं प्रकरण असेल तर सोडून. फोनची रेकॉर्डिंग चालतात का असं हमखास विचारतात, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नवराबायकोच्या केसमध्ये न सांगता केलेलं रेकॉर्डिंगही पुरावा म्हणून घेता येतं. पण फोन बदलू नका, मूळ फाइल पुसू नका, त्याला जोडायचं प्रमाणपत्र असतं ते वकील करून देतात.

दोघांची राजी असेल तर कलम १३ ब, संमतीची सोडचिठ्ठी. एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिन्यांनी परत येऊन सांगायचं की अजूनही तेच मत आहे. हे सहा महिने सक्तीचे नाहीत असं २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं, सगळं देणंघेणं, पोराचं ठरलं असेल आणि दीर्घ काळ वेगळे असतील तर कोर्ट ते माफ करू शकतं. डिक्री, म्हणजे कोर्टाचा शेवटचा हुकूम, होईपर्यंत कुणीही संमती मागं घेऊ शकतं, म्हणून ठरलेले सगळे पैसे शेवटच्या सहीच्या आत कसे मिळणार हे अर्जातच लिहून घ्या. डिक्री मिळाली की लगेच दुसऱ्या लग्नाच्या मागं लागू नका, अपिलाची मुदत संपते कधी ते वकिलाकडून तारखेसकट मोजून घ्या. फॅमिली कोर्टाचं अपील हायकोर्टात, आपल्यासाठी धारवाड, २००८ ला तिथं बेंच झालं म्हणून, नाहीतर बेंगळुरू गाठायला लागायचं. हद्दीपलीकडं कोल्हापूरच्या फॅमिली कोर्टाचं अपीलही पूर्वी मुंबईला जायचं, आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झालंय.

पोटगी

यात सगळ्यात जास्त गैरसमज. पहिला म्हणजे पोटगी सोडचिठ्ठीनंतरच मिळते. नाही. लोक अजून 'वन ट्वेंटी फाईव्ह टाकली' म्हणतात, ते जुनं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. हे कुठल्याही धर्माच्या बाईला, मुलांना, आईबापांनाही लागू. घटस्फोटित मुस्लिम बाईलाही या कलमाखाली मागता येतं हे जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत स्पष्ट केलं. सोडचिठ्ठीचे कायदे मात्र धर्माप्रमाणं वेगळे, मुस्लिम बाईसाठी १९३९ चा कायदा आहे, ख्रिश्चनांसाठी १८६९ चा.

दुसरा गैरसमज, बायको कमावत असेल तर काही मिळत नाही. थोडीफार कमाई असली म्हणून हक्क जात नाही, तेवढ्यात ती नवऱ्याच्या घरी राहायची तसं राहू शकते का हे बघतात. तिसरा, नवऱ्यानं 'नांदायला ये' ची डिक्री मिळवली आणि ती गेली नाही म्हणजे पोटगी बंद. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसत्या त्या डिक्रीमुळं पोटगी आपोआप बंद होत नाही, न जाण्यामागं योग्य कारण होतं का ते बघावं लागतं. चौथा, नवऱ्याला नोकरी नाही म्हणून सुटला. धडधाकट माणसानं काम करून बायकापोरं पोसली पाहिजेत हे कोर्ट पुन्हा पुन्हा सांगत आलंय.

किती मिळते याचा ठरलेला आकडा नाही. पगाराच्या पंचवीस टक्के असं लोक म्हणतात, ते एका निकालातलं आहे, नियम नव्हे. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं असं ठरवून दिलं की दोघांनीही कमाई, जमीन, कर्ज, खर्च सगळं शपथपत्रावर द्यायचं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. म्हणून अर्ज लवकर करा, निकालाला दोन वर्षं लागली तरी मागची बाकी मिळते. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस पोचल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, तरीही तो अर्ज पहिल्याच दिवशी द्या.

आपल्याकडं खरी अडचण अशी की कमाई कागदावर दिसत नाही. पगारपत्रक असतंय कुणाकडं? उद्यमबागेतल्या कारखान्यांत रोखीनं पगार, शेती वडिलांच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या नावावर. मग पुरावा आपणच गोळा करायचा. कर्नाटकातली जमीन असेल तर आरटीसी, म्हणजे इकडचा सातबारा, 'भूमी' वेबसाइटवर दिसतो, महाराष्ट्रातली असेल तर सातबारा 'महाभूलेख'वर, गट नंबर माहीत असला की घरी बसून निघतो. उसाचं बिल कुठल्या कारखान्याला जातं, डेअरीला दूध किती लिटर, सोसायटीचं कर्ज, गाडीचा हप्ता, हे सगळं कोर्टाला सांगता येतं. आम्ही दाजींच्या गाडीच्या हप्त्याची पावती दाखवली, म्हटलं महिन्याला एवढा हप्ता भरणाऱ्या माणसाची कमाई आठ हजार कशी. जजसाहेबांनी तेवढंच विचारलं. नवरा फौजेत असेल, आणि आपल्या भागात घराघरात फौजी आहे, तर आर्मी ॲक्टमध्ये बायकापोरांच्या पोटगीसाठी पगारातून कापून द्यायची सोय आहे, बायको त्याच्या युनिटला लेखी अर्ज करू शकते. असं काही मिळत असेल तर ते कोर्टाला लपवू नका, एका ठिकाणचं मिळालेलं दुसऱ्यात वजा धरतात आणि लपवलं तर आपल्यावरचा विश्वास जातो.

ऑर्डर झाली आणि दिले नाहीत तर? वसुलीचा अर्ज करायचा, थकल्यापासून एका वर्षाच्या आत, हे वर्ष चुकवू नका. कोर्ट वॉरंट काढतं, तरी दिले नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागं एक महिन्यापर्यंत कैद. हिंडलग्याच्या जेलात महिना काढून आलो म्हणजे फिटलं असं काही जण समजतात, तसं नाही, आत जाऊन आलं तरी पैसे द्यायचे ते राहतातच. माणूस हद्दीपलीकडं असेल तर ऑर्डरची प्रत घेऊन तो जिथं आहे तिथल्या मॅजिस्ट्रेटकडंही वसुली मागता येते.

मारहाण असेल, घरातून काढलं असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वेगळा आहे, त्यात घरात राहायचा हक्क, संरक्षण, तात्पुरता मुलांचा ताबा, पैसे सगळं मागता येतं. कर्नाटकात तालुक्याचे सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी, हेच संरक्षण अधिकारी असतात, अंगणवाडीताईंना विचारलं तरी ऑफिस दाखवतील.

पोरगं कुणाकडं

इथं मी जरा थांबून लिहितो कारण आमच्या हातून इथंच सगळ्यात वाईट झालं.

कायदा काय म्हणतो ते आधी. हिंदूंच्या १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात बाप हा नैसर्गिक पालक आणि त्यानंतर आई असं लिहिलंय, पण पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडं. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की 'त्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, बाप लक्षच देत नसेल तर आई आत्ताही पालक. पाच पूर्ण झाली की बापाचा हक्क सुरू, असं गावाकडं समजतात, ते चूक. पाचनंतर कुणाचाच आपोआप हक्क नाही. एकच मोजमाप, मुलाचं भलं कशात आहे. कोण जास्त कमावतो यावर ते ठरत नाही, पैसा कमी असेल तर पोटगी त्यासाठीच आहे. शाळा कुठं चालू आहे, आतापर्यंत कुणी सांभाळलं, आजारी पडल्यावर कोण बसतं, भावंडं वेगळी होतात का, हे बघतात. मूल जरा कळतं असेल तर जज त्याच्याशी चेंबरमध्ये एकटे बोलतात, आईबाप बाहेर. त्याला आधी पढवून पाठवू नका. पढवलेलं पोर जजला दोन मिनिटांत कळतं, आणि पोराच्या मनावर जे ओझं होतं ते पुढं वर्षानुवर्षं राहतं.

माझा भाचा तेव्हा चार वर्षांचा होता. पोटगी पाच महिने आली नव्हती आणि एका वकिलानं आम्हाला सल्ला दिला की पोराला भेटू देऊ नका, आपोआप सरळ होतील. आम्ही ऐकलं. दाजी गाडी घेऊन दारात आले, हातात खेळण्यातला ट्रॅक्टर, आणि मी त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलं. पोरगं आतल्या खोलीतून बघत होतं. महिन्याभरानं कोर्टात हे निघालं तेव्हा जजसाहेब बहिणीला रागावले नाहीत, माझ्याकडं बघून म्हणाले, पोटगी त्याच्यावर देणं आहे, भेट पोराचं घेणं आहे, तुम्ही कुणाचं अडवलं? मला उत्तर देता आलं नाही. बाहेर आल्यावर बहीण रडली आणि म्हणाली दादा, तो आठ दिवस विचारत होता पप्पा का गेले म्हणून.

पैसे थकले तर वसुलीचा अर्ज, भेट अडवली तर भेटीचा अर्ज, दोन्हीला कोर्टात वेगवेगळे दरवाजे आहेत, पोराला मधे घालायची गरजच नाही. भेट सुरुवातीला कोर्टाच्या आवारात देतात, मग रविवारची, मग सुट्टीत चार-आठ दिवस मुक्कामाची. व्हिडिओ कॉलही मागता येतो, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की ताबा ज्याच्याकडं नाही त्यालाही मुलाशी रोज थोडा वेळ बोलता यायला हवं. आजीआजोबांनाही भेट मिळू शकते, बापाची आई नातवासाठी झुरत असते हे आपण सोयीनं विसरतो. बाप पोराला पळवून हद्दीपलीकडं घेऊन गेला तर स्वतः माणसं घेऊन आणायला जाऊ नका, लगेच कोर्टात जा, ऑर्डर आधीची असेल तर ती घेऊन, नसेल तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस असतं, म्हणजे अडवून ठेवलेल्याला कोर्टासमोर आणायला लावणारा अर्ज.

मुलाची पोटगी सज्ञान होईपर्यंत आणि हिंदू मुलीला १९५६ च्या दत्तक आणि पोटगी कायद्याखाली, तिला स्वतःचं भागवता येत नसेल तर, लग्न होईपर्यंत मागता येते. बाईनं स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाची सोडता येत नाही, ती मुलाची आहे.

खर्चाची भीती असेल तर हे लक्षात ठेवा, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बायका आणि मुलांना सरकारतर्फे वकील फुकट मिळतो, त्यांची कमाई कितीही असो. बेळगावात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच आहे, तालुक्यालाही समिती असते, फोन करायचा तर १५१००. आणि पुढची तारीख कळायला वकिलाच्या मागं फिरायला नको, ई-कोर्ट्स ॲपमध्ये सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या केसचा स्वतःचा नंबर, टाकला की तारीख, ऑर्डर सगळं फोनवर दिसतं, मी तो नंबर अजून पाकिटात ठेवतो.

बहिणीचं शेवटी संमतीनं झालं, मधे कोरोनाची दोन वर्षं गेली नसती तर आधी झालं असतं. ताब्याची ऑर्डर मात्र कायमची कधीच नसते, परिस्थिती बदलली की अर्ज करून ती बदलून घेता येते. आमचीही एकदा बदलली. आधी भेट कोर्टाच्या आवारात होती, शनिवारी दोन तास, पोरगं तिथं घाबरून बसायचं. मग दोघांनीच मिळून अर्ज दिला आणि आता दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी संकेश्वरच्या स्टँडवर, ते दोघांच्याही वाटेवर पडतं. भाचा आता दहाचा आहे, बॅट घेऊन जातो. मागच्या वेळी पाऊस होता, दाजींना यायला उशीर झाला तर मीच फोन केला की सावकाश या, आम्ही कॅन्टीनमध्ये बसलोय.